शाळा बदलताना लेकरांना अभ्यासातूनच कसं सावरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडीतून पहिलीत, वाडीच्या शाळेतून मोठ्या गावच्या हायस्कूलात, उसाच्या फडावरून परत वर्गात, दहावीनंतर थेट लातूरला. मराठवाड्यातल्या लेकराला शाळा बदलण्याचे प्रसंग बरेच येतात आणि त्यातल्या प्रत्येक ठिकाणी काही लेकरं गळतात. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शिक्षण परिषदेत, पालकसभेत आणि गृहभेटीला गेल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. शिक्षक, अंगणवाडीताई आणि पालक या तिघांसाठी ती आहेत.

शाळा बदलली की लेकराला नेमकं काय जड जातं?

मोठ्यांना वाटतं, घर सोडणं किंवा मित्र तुटणं. ते आहेच. पण वर्गात बसलेल्या लेकराचं मुख्य दुखणं असं असतं की कालपर्यंत जे येत होतं ते इथे कुणी विचारतच नाही, आणि इथे जे विचारतात ते आपल्याला येत नाही. वाडीच्या शाळेत परिपाठात कविता म्हणणारी, पाढे घडाघडा सांगणारी मुलगी हायस्कूलच्या साठ जणांच्या वर्गात मागच्या बाकावर बसते. तिला काय येतं हे तिथे कुणालाच माहीत नसतं. दोन महिन्यांत तिलाही वाटायला लागतं की आपल्याला काही येत नव्हतंच. एकदा हे मनात बसलं की काढणं फार अवघड.

मग त्यासाठी प्रवेशोत्सव आहे, परिपाठ आहे. अभ्यासक्रमात कशाला आणायचं?

प्रवेशोत्सव जरूर करा. फुगे, फुलं, गोड जेवण, नवी पुस्तकं, सगळं लेकरांना आवडतं. पण तो एका दिवसाचा असतो आणि घडी बसायला आठवडे लागतात. त्या आठवड्यांत लेकराचा सगळा वेळ भाषा, गणित आणि परिसर अभ्यासाच्या तासांतच जातो. तिथे त्याला जागा मिळाली नाही तर स्वागताचं गुलाबाचं फूल दुसऱ्या दिवशी सुकलेलं असतं.

दुसरंही एक कारण आहे. दबलेल्या लेकराला “तुला काय वाटतं, सांग” असं विचारलं तर ते सांगत नाही. तेच लेकरू नकाशा काढताना, पत्र लिहिताना, गणित मांडताना पुष्कळ सांगून जातं. पाठ हा आडोसा देतो.

अंगणवाडीतून पहिलीत येणाऱ्या लेकरांसाठी काय करावं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. पहिलीच्या सुरुवातीला खेळावर आधारलेली तीन महिन्यांची तयारी असावी, असंही त्यात म्हटलं आहे. त्यावरून एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेने २०२१ मध्ये ‘विद्याप्रवेश’ हा बारा आठवड्यांचा कार्यक्रम आणला. आपल्याकडे ‘पहिले पाऊल’ अभियानाचे शाळापूर्व तयारी मेळावे होतात, आयांचे गट बनतात, घरी घ्यायच्या खेळांची आयडिया कार्डं वाटली जातात. कागदावरची सोय चांगली आहे. अडतं ते जून-जुलैमध्ये. मेळावा उरकतो, फोटो जातात आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर अ-आ-इ सुरू होतं.

अंगणवाडीत लेकरू गोलात बसतं, गाणं म्हणतं, कंटाळलं की उठतं. पहिलीत तेच लेकरू एकदम रांगेत, एकामागे एक. म्हणून पहिले काही आठवडे अंगणवाडीची रीत पहिलीत चालू ठेवा. बैठक गोलातच असू द्या. अंगणवाडीताईंना आठवड्यातून एकदा वर्गात बोलवा आणि त्यांच्याकडची गाणी, गोष्टी, बडबडगीतं तीच घ्या. बऱ्याच ठिकाणी अंगणवाडी शाळेच्या आवारातच असते, तिथे वेगळी परवानगी, प्रवास, खर्च काही लागत नाही. अंगणवाडीतले मोजण्याचे, वर्गीकरणाचे खेळ पहिलीच्या गणिताचीच सुरुवात आहेत. चिंचोके, ज्वारीची धाटं, बाटल्यांची झाकणं घेऊन तेच खेळ पुढे न्यायचे.

पालक म्हणतात, “महिना झाला, बाई नुस्ते खेळ घेतात. लिहायला कधी शिकवणार?” काय उत्तर द्यावं?

आयांना वर्गात बसवा. दाराशी उभं राहून नव्हे, गोलात. चिंचोक्यांच्या खेळात लेकराने “दहातले चार गेले, सहा राहिले” म्हटलेलं आईने स्वतः ऐकलं की हा प्रश्न पुन्हा येत नाही.

पहिलीत आलेलं मूल दोन-दोन महिने एक शब्द बोलत नाही. मतिमंद असेल का?

हा शब्द तर आधी सोडाच. बहुतेक वेळा लेकरू घरी भरपूर बोलतं, फक्त वर्गातली भाषा त्याची नसते. तांड्यावरच्या लेकराची घरची भाषा गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. त्याला आई म्हणजे याडी आणि भाकरी म्हणजे बाटी. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू असते, उमरगा-निलंगा-उदगीरच्या पट्ट्यात कन्नड, कित्येक गावांत दखनी. आणि मराठी घरातलं लेकरूसुद्धा ‘माझं-तुझं’ म्हणत नाही, ‘मपलं-तुपलं’ म्हणतं. पुस्तकातली मराठी त्यालाही काहीशी परकीच असते.

करायचं इतकंच की पहिले काही महिने घरच्या भाषेतलं उत्तर बरोबर धरायचं. लेकराने चित्र पाहून “याडी बाटी...” म्हटलं की त्याचं म्हणणं समजून घ्यायचं, मान डोलवायची आणि तेच वाक्य आपण पुस्तकी मराठीत म्हणायचं. सुधारायचं नाही, हसू द्यायचं नाही. भिंतीवर चित्रांखाली दोन्ही भाषांतले शब्द देवनागरीत लिहून लावायचे. हे शब्द आपल्याला येत नसतील तर तांड्यावरची चौथीतली मुलगी सांगते. तिलाही त्यात मान मिळतो. घरची भाषा वर्गात चालते हे कळलं की लेकराचं तोंड उघडतं, आणि शाळेची मराठी मग वेगाने येते. हा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे.

ऐकण्याचा दोष असू शकतो, तेवढी तपासणी मात्र आरोग्य पथकाकडून करून घ्यावी.

चौथी संपली, आता पाचवीला मोठ्या गावात जायचंय. या बदलाची तयारी कधी आणि कशी करायची?

तयारी चौथीतच, जानेवारीनंतर. आमच्याकडच्या अनेक वाड्या-वस्त्यांवर शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला दोन-तीन किलोमीटर चालायचं, नाहीतर एसटी. कायद्यात पहिली ते पाचवी हा प्राथमिक टप्पा असला तरी आपल्याकडची जुनी घडण चौथीला संपणारी होती आणि पुष्कळ ठिकाणी ती अजून तशीच आहे. म्हणजे नवं गाव, नवं पुस्तक, नवे सर, नवीन भाषा असा सगळा भार दहा वर्षांच्या लेकरावर एकाच जूनमध्ये पडतो.

आम्ही याची सुरुवात परिसर अभ्यासातून करतो, कारण चौथीत दिशा, नकाशा आणि नकाशाच्या खुणा आहेतच. पुस्तकातला नकाशा झाला की लेकरांना सांगायचं, आपल्या वाडीपासून मोठ्या शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा. आधी एकदा सगळे मिळून ती वाट चालून यायची. मग अंगणात खडूने मोठा नकाशा काढायचा. देऊळ, हातपंप, फाटा, पूल यांच्या खुणा लेकरंच ठरवतात. शेवटी लाल खडू द्यायचा आणि जिथे भीती वाटते तिथे गोल करायला सांगायचं.

हा लाल खडू फार कामाचा आहे. एका वर्षी मुलांनी ओढ्यावर गोल केले, पावसाळ्यात पाणी येतं म्हणून. मुलींनी गोल केला फाट्यावरच्या टपरीपाशी. आम्हा मोठ्यांच्या ध्यानीमनीही ती टपरी नव्हती. तो नकाशा कागदावर उतरवून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवला. मग ठरलं की मुलींनी एकत्र निघायचं आणि सकाळी एका आईने फाट्यापर्यंत सोबत जायचं. या पाठात नकाशावाचन झालंच, आणि ज्या कारणाने मुली सहावीत शाळा सोडतात त्यातलं एक कारण आधीच समजलं.

गणितातही तसंच. कालमापनाच्या उदाहरणांत आगगाड्या कशाला? शाळा साडेदहाला भरते, एसटी फाट्यावर नऊ पन्नासला येते, वाडीपासून फाटा पंचवीस मिनिटांवर आहे, तर घरातून कितीला निघायचं? नऊ पंचवीसला निघालं तर गाडी अगदी गाठेल, मग उशीर नको म्हणून थोडं आधी किती? लेकरं हे उदाहरण जीव लावून सोडवतात, कारण ते त्यांचं स्वतःचं आहे. याच तासाला पासची माहितीही द्या. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पाचवीच्या वेळापत्रकाचा कोरा तक्ता वाचायला शिकवणं हाही गणिताचाच पाठ.

मराठीत पत्रलेखन. चौथीच्या लेकरांनी मागच्या वर्षी पाचवीत गेलेल्या आपल्याच वाडीतल्या ताई-दादांना पत्र लिहायचं. प्रश्न त्यांचे त्यांनाच काढू द्या. “सर मारतात का?”, “संडास साफ असतो का?”, “खिचडी पुरते का?”, “आमच्या वाडीला कुणी नावं ठेवतं का?” असले प्रश्न येतात. उत्तरं आली की वर्गात वाचायची. हायस्कूलच्या मराठीच्या शिक्षकांनी उत्तरांसाठी एक तास दिला तर पाचवीच्या लेकरांचंही पत्रलेखन होतं.

पाचवीत गेल्यावर तिथल्या शिक्षकांनी काय करायचं?

पहिल्या महिन्यात एक धडा असा घ्यावा ज्यात प्रत्येक वाडीवरून आलेल्या लेकराला माहीत असलेलं काहीतरी लागेल. आमची पिकं, आमची जत्रा, आमच्या गावचं पाणी, काहीही चालेल. मराठवाड्यात पाण्याचा विषय तर प्रत्येक लेकराला ठाऊक असतो. टँकर, बोअर, बारव, घागर घेऊन लावलेली रांग, त्यांना सगळं येतं. पाच वाड्यांची लेकरं पाच गटांत न बसवता मिसळून बसवा आणि आपापल्या वाडीच्या पाण्याचा तक्ता भरू द्या.

वह्यांचाही गोंधळ असतो. चौथीपर्यंत एकाच बाईंसमोर दोन-तीन वह्या, आता विषयागणिक वही आणि तासाला नवे शिक्षक. हिंदीही नव्याने येते. घरी समजावणारं कुणी नसतं. वर्गशिक्षकांनी पहिले पंधरा दिवस शेवटची दहा मिनिटं ‘उद्या कोणता तास, कोणती वही’ एवढ्यासाठी ठेवावीत.

शाळा सुरू झाल्यावर लगेच पायाभूत चाचणी असते. नवीन आलेली लेकरं त्यात मागे पडतात. त्यांना ‘कच्चं’ धरायचं का?

नाही. त्या गुणांवरून लेकरू कुठे अडलंय हे बघायचं, तुकडी पाडायची नाही. नव्या जागी, नव्या माणसांत, अनोळखी छापील कागदावर लेकराने दिलेलं उत्तर त्याच्या कुवतीपेक्षा कमीच येतं. ऑगस्टअखेर त्याच प्रश्नांवर तोंडी बोलून पाहा.

ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांचं काय? ती दिवाळीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास येतात.

हा आमच्या भागातला मोठा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बीड, जालना, परभणी, धाराशिव, इकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, घरी म्हातारी माणसं नसली तर लेकरू सोबत जातं. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहायचं, धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं. म्हणजे एका वर्षात दोनदा शाळा बदलते, आणि मधले चार-पाच महिने कधी कधी शाळाच नसते.

पहिली गोष्ट, लेकरू इथेच थांबेल याचा प्रयत्न. हंगामी वसतिगृहाची सोय मागे गावात राहणाऱ्या लेकरांसाठी आहे. त्याची यादी गाड्या निघायच्या आधी व्हावी लागते, म्हणून गृहभेटी गणपतीच्या दिवसांतच सुरू करा. मोठ्या मुलामुलींसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे. पालकांना ‘शिक्षणाचं महत्त्व’ सांगत बसू नका. त्यांना ते ठाऊक आहे. त्यांची चिंता वेगळी असते: रात्री मुलीजवळ कोण, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेणार. त्याचं उत्तर घेऊन जा.

लेकरू जाणारच असेल तर जाण्याआधीच्या महिन्यात पुढचे धडे पळवू नका. उलट वाचन आणि चार मूलभूत क्रिया पक्क्या करा, कारण तिथे पुस्तक एकट्यालाच उघडायचं आहे. सोबत शिक्षण हमी कार्ड द्या. त्यावर त्याची इयत्ता आणि त्याला काय काय येतं हे लिहिलेलं असतं, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला परत पहिलीत बसवलं जाणार नाही. कार्ड आईच्या हातात द्या, बापाच्या फोनवर त्याचा फोटोही पाठवा. बालरक्षक, म्हणजे शाळाबाह्य लेकरांचं काम पाहणाऱ्या, शिक्षकांमार्फत तिकडच्या शाळेला फोन गेला तर उत्तमच.

परत आल्यावर मात्र वर्ग ज्या पानावर आहे ते पान त्याच्यापुढे टाकू नका. आधी त्याने तिकडे काय मिळवलं ते बघा. ही लेकरं मोळ्या मोजतात, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून विकतात, सुट्टे पैसे परत देतात, टनाचा हिशेब रोज कानावर पडत असतो. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती कुणाच्या घरी असेल तर वर्गात मागवा. समजा, भरलेल्या गाडीचं वजन ३,१४० किलो आणि रिकाम्या गाडीचं ६८० किलो, तर ऊस किती? २,४६० किलो. म्हणजे २ टन ४६० किलो. ही हातच्याची वजाबाकी आहे, वजनाच्या एककांचं रूपांतर आहे, आणि पुढे दर टनामागचा भाव लावला की गुणाकारही आहे. गावात राहिलेल्या लेकरांना या पावतीतलं काही कळत नाही. परत आलेलं लेकरू फळ्यापाशी उभं राहून त्यांना समजावतं. पाच महिने नसलेलं लेकरू पहिल्याच आठवड्यात वर्गाला शिकवताना दिसलं की त्याच्याकडे बघण्याची बाकीच्यांची नजर बदलते. सुटलेले घटक भरून काढायला तर उन्हाळाभर काम करावं लागतंच. पण ते काम उभ्या मानेने होतं.

असं फडावरचं वर्गात आणलं तर लेकराला लाज नाही वाटणार?

वाटू शकते. म्हणून सक्ती नाही. “तू सांग बरं, फडात काय करतोस?” असं उभं करून विचारायचं नाही, कोयता चालवण्याचा अभिनय तर कधीच नाही. पावती वर्गाची म्हणून आणा, लेकराची म्हणून नको. ज्याला बोलायचं ते बोलेल. काही लेकरांनी तिथे वाईट पाहिलेलं असतं. त्यांना गप्प राहण्याचा हक्क असू द्या.

दाखला आणलेला नाही. वर्गात बसवायचं की नाही?

बसवायचं, त्याच दिवशी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, आणि आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा असतो. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही. कलम ४ प्रमाणे वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. सरल आणि यू-डायस या ऑनलाइन प्रणालींवरची नोंद मागाहून होईल. दाखला येईपर्यंत लेकराला बाहेर उभं करणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. त्या आठवड्याभरात लेकराच्या मनात जे बसतं ते पुढे वर्षभर निघत नाही.

वडील गेले म्हणून लेकरू आईसोबत मामाच्या गावी आलंय. वर्गात कसं सांभाळायचं?

आपल्या मराठवाड्यात असं लेकरू कित्येक वर्गांत असतं. नापिकी, कर्ज आणि मग घरातला कर्ता माणूस जातो. आई माहेरी येते, लेकराची शाळा बदलते. बाप, घर आणि शाळा एकाच महिन्यात सुटलेली असते.

शिक्षकाने सगळ्यात आधी पुस्तक चाळावं. पुढच्या दोन महिन्यांत कोणते धडे, कोणत्या कविता, कोणते निबंध येणार आहेत? ‘माझे बाबा’, ‘माझे कुटुंब’, ‘मी सुट्टीत काय केले’ असे विषय कधी येतात हे आपल्याला आधी माहीत हवं. धडा गाळायची गरज नाही. पण निबंधाला तीन विषय द्यावेत आणि निवड सगळ्या वर्गाला द्यावी, त्या एकट्या लेकराला वेगळं काढू नये. ‘माझ्या घरातलं माझं आवडतं माणूस’ असा विषय ठेवला तर आजीवर, मामावर, अगदी गायीवरही लिहिता येतं. एखादं लेकरू मुद्दाम वडिलांवरच लिहितं. त्या वहीवर ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा करायच्या नाहीत. खाली दोन ओळी लिहायच्या आणि वही त्याच्या हातात द्यायची.

शेतीचा, दुष्काळाचा, सावकारीचा उल्लेख असलेला पाठ आला की आदल्या दिवशी लेकराला बाजूला घेऊन सांगावं, “उद्या असा धडा आहे. नको वाटलं तर तू ग्रंथालयाच्या पेटीची नोंद करायला बस.” बहुतेक लेकरं वर्गातच बसतात, पण आधी कळलेलं असतं एवढ्याने त्यांना धीर येतो.

झोप उडाली, जेवण तुटलं, ‘मी पण जाईन’ अशी भाषा आली तर धड्यांवर विसंबू नका. लेकरांच्या मदतीची चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक आधारासाठीचं टेलिमानस १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. आईलाही हे क्रमांक द्या, तिलाही कुणाशी बोलायचं असतं.

उर्दू शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीला मराठी शाळेत जाणाऱ्या मुलींची फार गळती होते. उपाय?

सातवीच्या दुसऱ्या सत्रापासून गणित-विज्ञानाच्या संज्ञांची दोन रकान्यांची वही, डावीकडे उर्दू आणि उजवीकडे मराठी. विषय त्यांना येतो, नाव फक्त वेगळं आहे. आठवीच्या शिक्षकांनी पहिल्या चाचणीत आकृती आणि आकडेमोडीला जास्त जागा द्यावी, लांब वाक्यांना कमी. आणि या मुलींना एका बाकावर कोंबू नये, तसं एकेकटं पाडूही नये. दोघी-दोघी बसवाव्यात.

पाचवी-आठवीत आता नापास करतात म्हणे. मग नवीन शाळेत आलेल्या लेकराचं काय होणार?

राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा होते. अनुत्तीर्ण झालेल्याला जादा मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षा घेतात, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. शाळेतून मात्र काढता येत नाही. माझं स्पष्ट मत असं की पाचवी आणि आठवी हीच आपल्याकडे शाळा बदलण्याची वर्षं आहेत, त्यामुळे या दोन वर्गांना पहिल्या सत्रात जास्त हात द्यायला हवा. एप्रिलमध्ये धावाधाव करून उपयोग नाही.

दहावी मराठीतून झाली. आता अकरावी विज्ञान, तेही लातूरला. मुलगा म्हणतो काहीच कळत नाही.

काहीच कळत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा शब्द कळत नाहीत. प्रकाशसंश्लेषण त्याला येतं, फोटोसिंथेसिस ऐकलं की तो बिचकतो. दहावीची परीक्षा ते अकरावीचे वर्ग या मधल्या काळात दहावीचंच विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीतून वाचावं. बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. आशय ओळखीचा असल्याने शब्द आपोआप बसतात. नवव्या इयत्तेपासूनच शिक्षकांनी फळ्यावर संज्ञा दोन्ही भाषांत लिहिल्या तर आणखी बरं.

दुसरं, लातूर पॅटर्नचं नाव मोठं आहे, तिथले वर्गही मोठे असतात. गावात पहिला येणारा मुलगा तिथे चाचणीत पुष्कळ खाली येतो, हे त्याला निघण्याआधीच सांगा. पहिल्या तीन महिन्यांचे गुण फोनवर विचारू नका. जेवला का, झोपला का, मेसचं कसं आहे, खोलीत सोबत कोण आहे, हे विचारा.

दिव्यांग लेकराची शाळा बदलताना वेगळं काय?

नवी शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दोन-तीनदा दाखवून आणा. बसायची जागा, उतार, संडास, पाण्याची टाकी, सगळं. पंचायत समितीकडच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना दोन्ही शाळांच्या शिक्षकांसोबत एकदा बसवा. श्रवणयंत्र, मोठ्या अक्षरातली पुस्तकं जुन्या शाळेत राहून जातात, ती मागून घ्या.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? अभ्यासक्रम मागे पडेल.

वर जे लिहिलंय त्यात अभ्यासक्रमाबाहेरचं जवळजवळ काही नाही. नकाशा, पत्रलेखन, कालमापन, वजाबाकी, संज्ञा, निबंध, सगळं पुस्तकात आहेच. फक्त उदाहरण कुणाचं घ्यायचं आणि कोणता घटक कोणत्या महिन्यात घ्यायचा एवढं आपण ठरवायचं. वार्षिक नियोजन आपणच लिहितो. पत्रलेखन फेब्रुवारीत घेतलं काय नि नोव्हेंबरात, कुणी अडवत नाही. एकशिक्षकी, दोनशिक्षकी शाळेत मात्र ओढाताण होते हे खरं. तिथे केंद्रातल्या तीन-चार शाळांनी मिळून नकाशाचा आणि पत्रांचा उपक्रम वाटून घ्यावा.

लेकरू रुळायला किती दिवस लागतात? कधी काळजी करावी?

बहुतेक लेकरं पोळ्यापर्यंत रुळतात. गणपती झाले तरी रोज सकाळी पोट दुखणं, खिचडी न खाणं, अंथरूण ओलं होणं, एकही मित्र नसणं, आठवड्यात दोन-दोन दिवस दांडी असं चालू असेल तर घरी जाऊन बोला. शाळेत कुणी मारतं किंवा चिडवतं का, हे आधी तपासा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना कायद्याने बंदी आहे.

लेकरू पुढच्या शाळेत जाताना दाखल्याशिवाय आणखी काय द्यावं?

एक पान. प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी पुढचे शिक्षक वाचत नाहीत, कारण ‘उपक्रमात सहभागी होतो’ हे सगळ्यांच्याच नावापुढे असतं. त्याऐवजी हाताने लिहिलेलं एक पान द्या, पाच-सहा ओळींचं. आम्ही लिहितो ते असं असतं:

“हिला गोष्ट सांगता येते, लिहायला वेळ लागतो. पाढे वीसपर्यंत पाठ. भागाकारात शून्य आलं की अडते. घरी गोरमाटी बोलतात, मोठ्याने विचारलं तर गप्प होते, जवळ जाऊन विचारावं. नोव्हेंबर ते मार्च आजीकडे असते, आई-वडील तोडीला. चित्रं फार सुंदर काढते. वाडीवरून येताना ओढा आहे, पावसात उशीर झाला तर रागावू नये.”

हे पान आईला वाचून दाखवा, तिची हरकत असलेली ओळ खोडा, आणि जूनच्या पहिल्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत पाचवीच्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या. हायस्कूल संस्थेचं असेल तर त्यांचे शिक्षक आपल्या परिषदेला येत नाहीत. मग मुख्याध्यापकांना आधी फोन करून स्वतः जाऊन द्या. जाताना चौथीतली एखादी पत्रांची वही आणि वाटेचा तो नकाशाही सोबत न्या.